दोन यंत्रांपुरती जागा

मी एक जुने रंधा मशीन आहे. मित्रांनो, कोलशेतच्या एका लहानशा सुतारकामाच्या कारखान्यात मी उभे आहे. खडबडीत फळी माझ्या लोखंडी टेबलावरून सरकवली, की खाली फिरणारी पाती तिचे उंचवटे खरवडतात आणि तिची एक बाजू सपाट होते.

मला इथे सीतारामअप्पांनी आणले. माझ्यावर कितीतरी दारांची लाकडे घडली. लोक दारांवरून हात फिरवून अप्पांचे कौतुक करत, तेव्हा मीही मनातून फुलून येई. पुढे प्लायवूड आले आणि ओबडधोबड लाकूड येईनासे झाले. मग अप्पांच्या अंगावरून वारे गेले. ते डोंबिवलीला मुलाकडे राहायला गेले आणि माझ्यावर ताडपत्री पडली. सकाळी शटर वर गेले, की मला अजून वाटते, अप्पाच आले.

कारखाना आता त्यांची मुलगी कल्पिता चालवते. माजिवड्यातल्या एका पाडलेल्या घराचे सागवान तिला टेबलांसाठी मिळाले. मला काढून माझ्या जागी फळीची जाडी सारखी करणारे नवे यंत्र आणायचे तिने ठरवले. घेण्याआधी त्यातली एक फळी ती दुकानात नेऊन चालवून आली. फळी गुळगुळीत झाली, पण तिचा पीळ तसाच राहिला. त्या यंत्राचे रूळ फळीला दाबून धरतात. दाब सुटला की ती पुन्हा वाकडी होते.

कल्पिताने माझी ताडपत्री काढली आणि अप्पांना फोन लावला.

"अप्पा, दोन्ही मशीन लागणार. आधी एक बाजू सपाट करायची, मग जाडी काढायची. पण जागा एकाचीच आहे."

अप्पा म्हणाले, "माझी खाट काढ."

भिंतीलगतच्या त्या खाटेवर ते दुपारी पाठ टेकत. ते गेल्यापासून तिच्यावर कोणी बसले नव्हते. तुम्ही आलात की कुठे बसणार, असे कल्पिताने विचारले.

"माझं येणं आता होत नाही गं. तू काम कर."

खाट गेली, नवे यंत्र आले. मी वाचले, पण मला आनंद करता आला नाही. कल्पिताने माझ्या पात्यांना धार लावून आणली, पहिली फळी चालवताना अप्पांना लावलेला फोन शेजारी सुरू ठेवला. फळी संपली, मी थांबले, तरी पलीकडून फोन ठेवला गेला नाही.

मित्रांनो, आम्हा यंत्रांचा भुसा झाडा, आम्हाला तेल द्या. आणि आमच्यावर आयुष्यभर राबलेल्या माणसांना एखाद्या दुपारी रिक्षात बसवून आमच्याकडे घेऊन या. खाट नसली तरी माझे टेबल आहे. अप्पा त्यावर बसतील तेवढा वेळ मी बंद राहीन.