रिकाम्या पोटातली पेशी

मित्रांनो, मी एक जुनी पेशी आहे, जठराच्या अस्तरात राहणारी. जुनी म्हणजे काही महिन्यांची. हसू नका! माझ्या वरच्या अंगाला राहणाऱ्या बहिणी चार-पाच दिवसांतच गळून पडतात. त्यांच्या मानाने मी म्हातारीच.

आमच्या अस्तरात विहिरींसारखे बारीक बारीक खड्डे असतात. त्यांच्या मधल्या भागात आमची आई राहते. तिला मूळ पेशी म्हणतात. तिच्या पोटची कुणीच काही शिकून जन्माला येत नाही. जी वर सरकते ती बुळबुळीत थर बनवून अस्तर झाकते. काही जणी आम्ल करायला शिकतात, आणि त्यांचा तोरा काय सांगू! मी खाली सरकले. वाटेत मलाही आधी बुळबुळीत द्रवच करावा लागला. अगदी तळाशी पोचले तेव्हा कुठे माझं खरं काम हाती आलं, अन्न पचवणारा रस बनवण्याचं. त्याचे कण अंगात गच्च भरून मी जेवणाची वाट बघत बसले.

पण आमचा मालक पडला सोफे बनवणारा कारागीर. या धंद्यात एका हाताने कापड ताणतात, दुसऱ्या हातात हातोडी असते. मग बारीक खिळे धरायचे कुठे? ओठांत! जिभेने एकेक पुढे सारायचा आणि ठोकायचा. तोंडात काही गेलं की लाळ सुटते आणि आम्हाला वरून सांगावा येतो, जेवण येतंय, तयारीला लागा. आम्ही बिचाऱ्या लागायचो. आम्ल सुटायचं, माझा रस सुटायचा. आणि यायचं काय? कपाळ! नुसती थुंकी.

आतल्या खोलीतून त्याची बायको ओरडायची, "अहो, दोन घास खाऊन घ्या, मग काय ठोकायचं ते ठोका!"

"हूं."

"हूं काय हूं? आधी पोटोबा! ताट कधीचं झाकून ठेवलंय."

तो खिळे तळहातावर काढायचा. "गिऱ्हाईक संध्याकाळी सोफा न्यायला येतंय गं. एवढं होऊ दे." आणि खिळे परत तोंडात.

वाकून वाकून त्याची कंबर धरायची. मग दुखण्यावरची गोळी, तीही रिकाम्या पोटी, घोटभर पाण्याबरोबर. त्या गोळ्यांनी आमच्यावरचा बुळबुळीत थर विरळ होत गेला आणि बहिणींचं आम्ल आम्हालाच जाळू लागलं. आपलेच दात, आपलेच ओठ! तक्रार कुणाकडे करायची?

एका सकाळी तो अर्धवट सोफ्यावर वाकला आणि तिथेच कोसळला. उलटी झाली, चहाच्या चोथ्यासारखी काळी. ते रक्त होतं. डॉक्टरांनी घशातून नळी घालून आम्हाला पाहिलं. "जठरात जखम आहे," ते म्हणाले. "आणखी उशीर केला असता तर आरपार भोक पडलं असतं."

बायको रडू लागली. "यांना काही झालं तर पोरीनं नि मी कुणाकडे बघायचं?"

माझ्या आजूबाजूच्या आम्लवाल्या बहिणी मेल्या. सगळा तोरा तिथेच संपला. आता जखम झाकायची कुणी? आम्हा तळच्या उरलेल्या जणींनी. साठवलेले कण मी स्वतःच मोडून खाल्ले, पाचक रस बनवणं सोडून दिलं आणि पुन्हा बुळबुळीत द्रव करू लागले. एवढ्या खटपटीने शिकलेली विद्या गेली. आई नव्या पेशी पाठवत राहिली, आम्ही थर धरला, जखम भरली. माणूस वाचला. सगळे म्हणाले, औषधाला गुण आला! आमचं नाव कुणी काढलं? छे!

आता खिळ्यांसाठी बायकोने बशी ठेवली आहे. "तोंडात दिसले तर हातोडी लपवीन," असा तिने दम दिला आहे. परवा तो वेळेवर जेवायला बसला. गरम घास, नीट चावलेले, एकामागून एक खाली आले. यासाठीच तर मी तळाशी वाट बघत बसले होते. आणि माझ्याकडे द्यायला थेंबभर रस नव्हता.

म्हणून सांगते, मित्रांनो, जेवायची हाक आली की हातातलं ठेवा आणि उठा. जखम आम्ही झाकू. पण परवाचं ते जेवण माझ्यावरून तसंच पुढे गेलं, आणि मला नुसतं बघत बसावं लागलं.