उलट्या पिळाचं सूत

ज्या बाईला साधी सबब सांगतानाही ठसका लागतो, तिने लबाडीच्या वाटेला जाऊ नये. देवासच्या शशिकलाबाई गेल्या, आणि तेही पंच्याहत्तराव्या वर्षी. कारण काय, तर पणतूची कुंची.

बाळ त्यांच्या नातवाचं, मननचं. पौषातली थंडी हाडात शिरत होती आणि बारसं बारा दिवसांवर आलं होतं. त्यांच्या घरात बाळाची कुंची विकत आणत नाहीत. डोक्यावरून पाठीवर सोडलेली ती टोपी बारशाला आत्याने बाळाला घालायची आणि ती घरच्या सुताची असायची, हा रिवाज. घरचं सूत म्हणजे कमलवन्संचं. कमल ही शशिकलाबाईंच्या यजमानांची धाकटी बहीण. धारला मुलींच्या शाळेत हस्तव्यवसाय शिकवून निवृत्त झालेली, एकटी राहणारी. लग्न का केलं नाही, हे विचारायची हिंमत घरात कुणालाच झाली नाही.

धरमपुरीकडचा कापूस आणवायचा, सरकी काढायची, पिंजून त्याच्या वळ्या, म्हणजे पेळू, करायचे आणि तकलीवर सूत कातायचं, हे कमलवन्संचं काम. ते सूत क्रोशाच्या सुईवर घ्यायचं, हे शशिकलाबाईंचं. चोपन्न वर्षं असंच चाललं होतं. कुंच्या, टोपडी, मोजे, मफलर, एवढंच काय, यजमानांच्या थर्माससाठी झबलंसुद्धा झालं होतं. घरातला एकही माणूस असा नव्हता, ज्याने लहानपणी त्या सुताची ऊब घेतली नव्हती.

आता यातली गंमत अशी, की दोघींचं पटायचं ते भांडूनच. सूत आलं की शशिकलाबाई ते खिडकीच्या उजेडात धरायच्या, आणि कुठे गाठ दिसली की लडी परत धारला. सोबत चिठ्ठी : ‘वन्सं, याला सूत म्हणावं की सुंभ? पुन्हा कातावे.’ आठ दिवसांत नवीन लडी यायची आणि उत्तर : ‘नाचता येईना अंगण वाकडे. तरी कातले आहे.’ पुढे फोन आले तेव्हा हेच फोनवर होऊ लागलं. यजमान म्हणायचे, “या दोघी ज्या दिवशी गोड बोलतील, त्या दिवशी मी डॉक्टरला बोलावीन.” ते गेले, भांडण मात्र राहिलं. शशिकलाबाईंना खरं सांगायचं तर त्या भांडणाचा फार आधार वाटायचा. त्यांना आता ‘वहिनी’ म्हणून हटकणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

बाळाची आत्या म्हणजे मननची बहीण स्वानंदी. ती इंदूरला नोकरी करते. रविवारी धारला जाऊन तीच सूत घेऊन आली. डब्यात वर नेहमीसारखी चिठ्ठी होती, पण अक्षर मुंग्या पांगल्यासारखं. ‘सूत पाठवीत आहे. पाहून कळविणे.’ शशिकलाबाईंनी लडी उजेडात धरली. एका जागी करंगळीएवढं जाड, पुढे केसासारखं बारीक, आणि मधेच पीळच नाही. साखळी घालायला घेतली तर दहाव्या टाक्याला तुटलं. जोडलं, पुन्हा तुटलं.

“कमलआजीचा हात दिवाळीपासून हिलतो ना,” स्वानंदी म्हणाली. “चहाचा कप पण दोन हातांनी पकडते. मला बोलली, कोणाला सांगू नको.”

शशिकलाबाईंनी फोन उचलला. जिभेवर चिठ्ठीतलंच वाक्य आलं होतं. मग तो कप धरणारा हात डोळ्यांपुढे आला आणि त्यांनी फोन खाली ठेवला. बिचारीला काय म्हणून टोचायचं?

“आजी, मार्केटमधे बिलकुल असंच सूत मिळून जाईल,” स्वानंदी म्हणाली. “कोणाला पता पण नाही चालणार. कमलआजी पण खुश.”

एरवी शशिकलाबाईंनी तिचं मराठी सुधारलं असतं. त्या दिवशी त्यांनी पर्स दिली.

बाजारचं सूत दिसायला छान होतं, एकसारखं, दुधावरच्या सायीच्या रंगाचं. सुईवर घेतल्यावर मात्र त्याने छळ मांडला. कमलवन्सं डावऱ्या. तकलीला झटका देतात तो डाव्या हाताने, म्हणून त्यांच्या सुताचा पीळ जगाच्या उलटा. उजव्या हाताने क्रोशा विणताना तो पीळ आणखी आवळत जातो आणि धागा कसा गोळीबंद राहतो. बाजारच्या सुताचं उलट. प्रत्येक खांबाला पीळ सुटायचा आणि एखादा पदर सुईतून निसटून बाहेर राहायचा. शशिकलाबाईंनी तीनदा उसवलं. चौथ्यांदा कुंची झाली आणि चांगली झाली. धारचं सूत त्यांनी कपाटात साड्यांखाली सरकवलं. कमलवन्संना फोन काही केला नाही. केला असता तर आवाजानेच चोरी पकडली गेली असती.

बारशाच्या दिवशी कमलवन्सं भाड्याच्या गाडीने आल्या. पांढरी साडी, इस्त्री कडक, डावा हात पदराखाली. पाळण्याखालून ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ झालं, स्वानंदीने कुंची घालून बाळाच्या कानात ‘शंतनू’ सांगितलं आणि चालीप्रमाणे पाठीत धपाटे खाल्ले. मग बायका कुंचीवर तुटून पडल्या.

“या वयात इतकं बारीक सूत! कमलताई, धन्य आहे तुमची.”

कमलवन्संनी बाळाला मांडीवर घेतलं. उजव्या हाताने कुंचीची कड चिमटीत धरली आणि सुताचा एक पदर अंगठ्याखाली जरासा फिरवून पीळ पाहिला. समोर बसलेल्या शशिकलाबाईंच्या हातातली बर्फी हातातच राहिली.

“देवाची कृपा,” कमलवन्सं म्हणाल्या, आणि बाळाकडे बघून हसल्या.

दुपारी पंगत उठल्यावर त्या पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात आल्या. शशिकलाबाई एकट्याच होत्या, उरलेला मसालेभात डब्यात भरत.

“सूत चांगलं आहे, वहिनी. गिरणीचं ना?”

शशिकलाबाईंनी तोंड उघडलं आणि त्यांना ठसका लागला. खोटं तिथेच संपलं.

“वन्सं, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून...”

“मला ठाऊक होतं ते सूत टाकाऊ आहे.” कमलवन्सं स्टुलावर बसल्या. “साठ वर्षं कातलंय मी, मला दिसत नाही का? पण तसंच पाठवलं. म्हटलं, वहिनी रागावतील. फोन येईल, सुंभ म्हणतील. उत्तरसुद्धा तयार ठेवलं होतं. चार दिवस फोन मांडीवर घेऊन बसले, वहिनी. न्हाणीघरात जातानासुद्धा तो बाहेर स्टुलावर ठेवायचे.” त्यांनी पदराखालचा हात बाहेर काढला. तो ओट्याच्या कडेवर फडफडत राहिला. “पाचव्या दिवशी तकली फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. वहिनी रागावत नाहीत, म्हणजे आता आपल्यात रागावण्यासारखं काही उरलं नाही.”

शशिकलाबाईंनी भाताचा डबा बाजूला सारला. आपण दया केली, असं त्या बारा दिवस समजत होत्या, आणि बारा दिवस त्यांनी या बाईला जिवंतपणी निकामी ठरवून बाजूला बसवलं होतं. आता रडून काय होणार? त्यांनी हातातला डाव दाणकन ओट्यावर आपटला.

“लाज नाही वाटली तुम्हाला?” त्या कडाडल्या. “असलं सूत पाठवायला? दहाव्या टाक्याला तुटलं! एका जागी नाडा, दुसऱ्या जागी कोळ्याचं जाळं! शाळेत मुलींना हेच शिकवलंत? आणि वर तकली माळ्यावर टाकता? कुणाला विचारून?”

बाहेरच्या खोलीतल्या गप्पा थांबल्या. मननची बायको कोमल बाळंतपणाचा स्कार्फ सावरत दारात आली, तिच्यामागे स्वानंदी.

“क्या हो गया, आजी?” स्वानंदी घाबरून म्हणाली.

“काही नाही. जा तुम्ही. मी वन्संशी बोलतेय.”

कमलवन्संच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि चेहरा मात्र बारशात होता त्यापेक्षा कितीतरी खुलला होता.

“हात ऐकत नाही, वहिनी.”

“नाही ऐकत तर तकली वाटीत टेकवून फिरवा. पेळू मी धरते. जाड निघालं तर निघू दे, पोराला पांघरूण करू.”

“तुम्ही धरणार? देवासहून?”

“धारला येऊन. सोमवारी येते. आठ दिवस राहीन, नाहीतर महिना.”

कमलवन्संनी पदराने नाक पुसलं. मान जरा ताठ झाली.

“या. पण शेजारी बसून सारखं रागवायचं नाही हं. सांगून ठेवते.”

“रागावणार,” शशिकलाबाई म्हणाल्या. “रोज रागावणार.”