धरलंयस ना?

भिंतीवरच्या फोटोतल्या धरणाचे दरवाजे उघडले, तेव्हा संजीवनी कांदा चिरत होती. फोटो मागच्या सहलीतला. त्यात नवरा प्रफुल्ल, थोरली ओवी आणि धाकटी पिऊ दात काढून उभे होते. संजीवनीची नुसती सावली होती, कारण फोटो तिनेच काढलेला. आता फोटोतल्या तिघांच्या पायांशी पाणी आलं होतं आणि इकडे सोफ्यावर बसलेल्या तिघांचे मोजे भिजले होते.

"आई, माझे पाय गार पडले," पिऊ म्हणाली.

संजीवनीने फोटो उलटा टांगला. पाणी घटकाभर फोटोतल्या आभाळात साचलं आणि मग चौकटीतून धो धो टीव्हीवर कोसळलं.

"उठा! माळ्यावर चला!"

माळ्यावर कुणीही चढो, स्टूल धरायचं ते संजीवनीनेच, असा या घराचा शिरस्ता. स्टुलाचा एक पाय आखूड. त्याखाली आपलं पाऊल कसं सरकवायचं, ते तिलाच ठाऊक. एकदा प्रफुल्ल "त्यात काय एवढं" म्हणत एकटाच चढला आणि चिवड्याच्या डब्यासकट खाली आला.

आधी पिऊ चढली. ती आत शिरली तसा माळा हातभर वर सरकला. ओवी चढली, माळा आणखी वर गेला. स्टुलाचे पायही भराभरा लांबले. आखूड पाय तेवढा त्यांच्याहून आखूडच राहिला.

"बाबा, पोट आत घे! दिवाळीचा आकाशकंदील चेपतोय," ओवी वरून ओरडली.

"घेतलंय गं, ते ऐकत नाहीये! संजू, धरलंयस ना?"

"धरलंय. खाली बघू नका."

प्रफुल्ल आत पोचला तेव्हा पाणी तिच्या कमरेला लागलं होतं.

"आई, माझे पाय सुकले!" पिऊचा आवाज देवळाच्या कळसावरून यावा तसा आला.

संजीवनीने फोटोकडे पाहिलं. तिघं त्यात नव्हते. खडकावर तिची सावली होती, गळ्यापर्यंत पाण्यात.

"आता तू ये," प्रफुल्ल म्हणाला.

"येते की. पण स्टूल कोण धरणार?"

वर कुजबुज झाली.

"मी उतरून धरतो."

"तुम्हाला उतरायला कोण धरणार? मीच ना?"

"मग गं?"

"थांबा, सुचेल काहीतरी. पिऊला कडेला बसवू नका."

माळा इतका वर गेला होता की पंखाही आता खालीच राहिला होता. पाणी तिच्या ओठांना लागलं. वरून पिऊने विचारलं, "आई, धरलंयस ना?"

तोंड उघडलं असतं तर पाणी आत गेलं असतं. संजीवनीने आखूड पायाखाली आपलं पाऊल नीट सरकवलं. फोटोत पाण्यावर नुसते केस तरंगत होते.

स्टुलावर कुणीच नव्हतं. ते जराही डुगडुगत नव्हतं.