एकशे बेचाळीस सह्या

मिस्त्रींची बायको जाऊन चौथा महिना लागला, तेव्हा लिफ्टच्या कंपनीचं पत्र आलं. शहरातल्या दर दुसऱ्या इमारतीत जिची लिफ्ट, तीच कंपनी. पाकिटावर नुसतं 'कुटुंबीयांस' लिहिलं होतं; पत्र सुनेने वाचून दाखवलं. कंपनीला मिस्त्रींच्या बायकोने, म्हणजे बाईंनी, केलेला प्रोग्राम हवा होता, आणि तो मिळाला तर कंपनी आपल्या नव्या प्रशिक्षण केंद्राला बाईंचं नाव देणार होती. दारावर, मोठ्या अक्षरांत.

"पुन्हा वाच," मिस्त्री म्हणाले.

सुनेने पुन्हा वाचलं.

"दारावर म्हणजे बाहेरून दिसेल असं ना?"

"बाबा, दार बाहेरूनच दिसतं."

मिस्त्री हसले नाहीत. "बोलाव त्यांना. गुरुवारी मला काम नाही."

बायकोला सगळं गाव बाईच म्हणायचं, कारण त्यांनी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. त्या गेल्या तेव्हा शाळेत सभा झाली. पाच जण बोलले. पाचही जण पाढ्यांवर आणि अपूर्णांकांवर बोलले. बाईंनी दुसरं काय केलं, ते एकालाही ठाऊक नव्हतं. मिस्त्री पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. त्यांना उठून सांगायचं होतं, पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. ती गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली होती. आता दारावर नाव लागणार म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं. आपल्याला बोलता आलं नाही, दार तरी बोलेल.

बाईंनी केलं होतं ते असं. लिफ्ट बंद पडली की वर मशीनच्या खोलीत एका छोट्या पडद्यावर आकडा उमटतो. त्या आकड्याचा अर्थ फक्त कंपनीला ठाऊक. कंपनीचा माणूस आपलं यंत्र घेऊन येणार, ते जोडणार, अर्थ वाचणार आणि मग पाना हातात घेणार. त्याला यायला कधी दोन दिवस लागायचे, कधी आठवडा. तोवर सातव्या मजल्यावरच्या आजारी माणसाला खुर्चीत बसवून चौघांनी जिन्याने खाली आणायचं. मिस्त्री कंपनीचे नव्हते, स्वतंत्र काम करायचे. अडतीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या, पण नव्या लिफ्टसमोर त्यांचे हात बांधले गेले. बिघाड कुठे आहे तेच कळेना. मग त्यांनी खिशात वही ठेवायला सुरुवात केली. आकडा लिहायचा, पुढे काय सापडलं ते लिहायचं. चौदा, दाराची पट्टी वाकलेली. नऊ, मोटर तापली.

एका रविवारी बाईंनी ती वही सहज चाळली आणि म्हणाल्या, "अहो, हे चौदा आणि सेहेचाळीस, दोन्हींपुढे दाराची पट्टीच लिहिलीय. आणि नऊ आणि एक्केचाळीस, दोन्हींपुढे मोटर."

"मग?"

"दोन्हीकडे फरक बत्तीसचा आहे. सेहेचाळीस आला तेव्हा लिफ्ट कुठे उभी होती?"

मिस्त्रींनी आठवून पाहिलं. "दोन मजल्यांच्या मध्ये."

"आणि एक्केचाळीसला?"

"तीही मध्येच लटकलेली."

"म्हणजे मध्ये अडकली की त्याच आकड्यात बत्तीस मिळवतात." बाईंनी पेन्सिल कानामागे खोचली. त्या दिवशी जेवण दुपारी चारला झालं.

त्यानंतर त्या मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहायला शिकल्या. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. फोनमध्ये आकडा टाकला की अर्थ सांगणारा छोटासा प्रोग्राम त्यांनी केला आणि इंटरनेटवर खुला ठेवला. ज्याला ओपन सोर्स म्हणतात, तसा. कोणीही घ्या, वापरा, बदला. फक्त बदललेलंही असंच खुलं ठेवा, एवढी एक अट. मग देशोदेशींचे मिस्त्री आपापले आकडे पाठवायला लागले. बाई प्रत्येकाला उत्तर द्यायच्या, आकडा तपासायच्या, आणि पाठवणाऱ्याचं नाव यादीत घालायच्या.

त्यांत एक घोळ झाला होता. मिस्त्रींच्या वहीत एकाहत्तरच्या पुढे नुसतं "उंदीर" लिहिलं होतं, कारण त्या दिवशी वायर उंदराने कुरतडली होती. बाईंनी ते तसंच उतरवलं. दोन वर्षांनी कुठल्याशा थंड देशातून एकाने विचारलं, आम्ही सगळी लिफ्ट पालथी घातली, उंदीर काही मिळत नाही, पण कुलपाची वायर तुटलेली आहे. बाईंना इतकी लाज वाटली की त्या दिवसभर मिस्त्रींशी बोलल्या नाहीत. त्यांनी दुरुस्ती करायला घेतली, तर बाकीच्यांनीच आडकाठी केली. कुलपाची वायर असं लिहा, म्हणाले, पण उंदीर राहू द्या, आमच्या तोंडात बसलाय.

बाई गेल्यावरही आकडे येत राहिले होते. सून कॉम्प्युटर उघडून बघायची आणि सांगायची, आज दोन आले, आज एक आला. त्या सगळ्यांना कळवायला हवं होतं. मिस्त्री म्हणायचे, नंतर कळवू. एकदा कळवलं की मग ते खरंच होणार होतं.

गुरुवारी दोघं जण आले. एक वकीलबाई, हातात पातळ फाइल. आणि एक इंजिनिअर, मिस्त्रींहून थोडा लहान, बोटांच्या पेरांत जुनं वंगण मुरलेलं. त्याचे हात बघून मिस्त्रींना जरा धीर आला. हा पाना हातात धरून वर आलेला माणूस होता.

"काका, बाईंचं काम फार मोठं आहे," वकीलबाई म्हणाल्या. "आम्ही ते आमच्या सिस्टिममध्ये घेणार. केंद्राचं उद्घाटन तुमच्या हस्ते करू."

"फोटो लावणार का?"

"हो, आत आल्या आल्या समोर."

"चष्मा घातलेला लावा. चष्म्याशिवाय ती स्वतःलाही ओळखू यायची नाही."

इंजिनिअर हसला. "मिस्त्री, खरं सांगू? आमचे लोकही लपूनछपून बाईंचाच प्रोग्राम वापरतात. आमचं यंत्र सुरू व्हायला दहा मिनिटं घेतं. आमच्याकडेसुद्धा एकाहत्तरला उंदीरच म्हणतात."

मिस्त्रींनी सुनेकडे बघितलं. सून ओठ दाबून हसत होती. कंपनीच्या पोटात बाईंचा उंदीर शिरला होता, हे ऐकायला बाई हव्या होत्या.

"मग तुम्ही घेतल्यावर काय होणार?" सुनेने विचारलं.

"आकडे वाचायला नोंदणी लागेल," वकीलबाई म्हणाल्या. "सुरक्षेचा प्रश्न आहे. उद्या कोणीही उठेल आणि लिफ्ट उघडेल."

"हा प्रोग्राम नुसता वाचतो," मिस्त्री म्हणाले. "तो लिफ्टला हात लावत नाही. हात मिस्त्री लावतो, आणि त्याला परवाना लागतोच. माझा भिंतीवर आहे बघा."

"बरोबर आहे. तुमच्यासारख्यांना नोंदणी मिळेलच."

"कोणाकडे?"

"आमच्याकडे."

"आणि तुम्ही नाही म्हणालात तर?"

वकीलबाईंनी चहाचा घोट घेतला. इंजिनिअर खिडकीबाहेर बघायला लागला. मिस्त्रींना उत्तर मिळालं. सातव्या मजल्यावरून खुर्चीत बसवून आणलेली माणसं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली. एक आजी तर जिन्याच्या वळणावर म्हणाली होती, मला इथेच ठेवा, मी दमले. बसून ती होती आणि दमलीही तीच. ते आठवून मिस्त्रींना हसू आलं आणि लगेच विरलं. पण दारावरचं नावही डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. त्यांनी विचारलं, "मी सही केली की झालं?"

"तिथेच अडचण आहे," वकीलबाई म्हणाल्या आणि फाइल उघडली. "असे प्रोग्राम चालवणारे पुष्कळ जण मदत करणाऱ्यांकडून आधीच हक्क लिहून घेतात. बाईंनी कोणाकडूनच घेतले नाहीत. ज्याने जो आकडा दिला, तो त्याचाच राहिला. खुलं ठेवायची अट काढायची तर त्या सगळ्यांच्या सह्या हव्यात, आणि एकशे बेचाळीस माणसं आहेत. ज्यांचे पत्ते मिळाले त्या सगळ्यांना आम्ही लिहिलं, पण कोणी दाद देत नाही. तुम्ही बाईंचे यजमान म्हणून एक पत्र लिहा. तुमचा शब्द ते टाकणार नाहीत."

मिस्त्री जरा दुखावले. म्हणजे बायकोने अशी गाठ मारून ठेवली होती की तिच्या मागे नवऱ्यालाही ती सोडवता येऊ नये. चाळीस वर्षं संसार केला आणि हिने मला सांगितलंही नाही. त्यांनी यादी हातात घेतली. चष्मा पुसला, लावला.

"पहिलंच नाव तुमच्या आडनावाचं आहे," वकीलबाई म्हणाल्या. "तुमचा मुलगा का? त्यांची सही आज मिळाली तरी मोठं काम होईल. बाकीच्यांचे आकडे एक वेळ आम्ही गाळू शकतो, पण या पहिल्याचे..."

"पहिल्याचे गाळले तर काही उरतच नाही," इंजिनिअर म्हणाला. "सगळी मांडणी त्यांवर उभी आहे."

मिस्त्रींनी वाचलं. नाव त्यांचं होतं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, लग्नपत्रिका आणि परवाना सोडला तर कुठे छापलं गेलं नव्हतं तसं. पुढे बाईंनी लिहिलं होतं: चौदा, सेहेचाळीस, नऊ, एक्केचाळीस, एकाहत्तर आणि सुरुवातीचे सगळे आकडे. शोध यांचा. मी फक्त बेरीज-वजाबाकी केली.

यादीत बाईंचं नाव सगळ्यात शेवटी होतं.

 मिस्त्रींनी सुनेला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल, बाबा. तुमच्या फोनमध्येच आहे. खाली सरकवलं की दिसतं."

"मी कशाला खाली सरकवू? मला आकडा वरच मिळायचा."

त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला आणि तळहाताने सारखा केला.  इतक्या वर्षांत दुसऱ्या मिस्त्रींना ते सांगत आले, माझ्या बायकोने केलंय, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. आणि तिने सगळ्या जगाला सांगून ठेवलं होतं की हे माझ्या नवऱ्याचं आहे. शाळेतल्या सभेत उठून बोलता आलं नाही याचं जे ओझं होतं, ते कुठे गेलं त्यांनाही कळलं नाही. ते ताठ बसले.

"मुलगा नाही," ते म्हणाले. "हा मीच."

वकीलबाईंचा चेहरा उजळला. "मग तर फारच छान."

"यजमान म्हणून मी सही दिली असती. तिचं नाव लागणार म्हटल्यावर मी डोळे झाकून दिली असती, खोटं कशाला बोलू. पण तुम्ही माझ्याकडे मिस्त्री म्हणून सही मागताय. मी मिस्त्री म्हणून सही केली, तर उद्या माझ्यासारखाच दुसरा कोणी मशीनच्या खोलीत आकड्याकडे बघत उभा राहील. आणि आकडा माझाच असेल. नाही देणार."

"काका, केंद्राचं नाव मग..."

"ते तुमचं केंद्र आहे. तुम्हाला हवं ते नाव द्या."

"नीट विचार करा. बाईंची आठवण राहिली असती."

"तुमच्या माणसांच्या तोंडात तिचा उंदीर आहे," मिस्त्री म्हणाले. "मला पुरे."

वकीलबाईंनी फाइल बंद केली. त्यांना राग आला नव्हता; त्यांचं एक काम झालं नव्हतं, एवढंच. दारात इंजिनिअर मागे रेंगाळला. त्याने मिस्त्रींचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. "तो प्रोग्राम माझ्याही फोनमध्ये आहे," तो हळूच म्हणाला.

"तुमच्याकडचे आकडे का नाही पाठवले कधी?"

"नोकरी आहे, मिस्त्री."

"असू दे. निवृत्त झालात की पाठवा."

ते गेल्यावर सून कपबशा उचलायला लागली. मिस्त्री म्हणाले, "ते राहू दे. कॉम्प्युटर घेऊन ये. त्यांना पत्र हवं होतं ना, यादीतल्या सगळ्यांना पत्र लिहू."

सून टेबलाशी बसली. मिस्त्री तिच्या मागे उभे राहिले.

"लिही. बाई गेल्या."

सुनेने लिहिलं.

"कधी ते लिही. आजार लिहू नकोस, आजाराचं त्यांना काय करायचंय. पुढे लिही, कंपनी सह्या मागतेय. मी दिलेली नाही. तुमची सही तुमची आहे, तुम्हाला वाटेल ते करा, पण माझी मिळणार नाही. आकडे पाठवत राहा. मी तपासेन. मला प्रोग्राम लिहिता येत नाही, तो माझी सून लिहील."

"बाबा, मला तरी कुठे येतो?"

"तिला एक्कावन्नाव्या वर्षी आला. तू चौतीसची आहेस. किती आकडे पडून आहेत?"

"एकतीस."

"सगळ्यात जुना काढ."

सुनेने काढला. एका बाईने पाठवला होता, तीही लिफ्टच दुरुस्त करायची. त्रेसष्ट आकडा येतोय, तिने लिहिलं होतं, मला वाटतं ब्रेकचा पट्टा झिजलाय, पण बदलून पाहिला तरी आकडा जात नाही. खाली फोटो होता. मिस्त्रींनी खुर्ची ओढली, चष्मा नाकावर सरकवला आणि फोटो मोठा करायला सांगितला.

"पट्टा चांगला आहे," ते म्हणाले. "तिला विचार, लिफ्ट भरलेली असताना थांबते की रिकामी असताना? आणि तिला सांग, उत्तराला उशीर झाला."