इंद्रभानच्या नडगीवरचे कवेलू

मी एक जुना शिनगार्ड आहे. थांबा मित्रांनो, नाव ऐकून लगेच पान उलटू नका. फुटबॉल खेळणारी माणसे गुडघ्याखाली, नडगीवर, मोज्याच्या आत एक कडक पट्टी घालतात. समोरच्याची लाथ बसलीच तर ती हाडाला न लागता त्या पट्टीला लागावी, एवढ्यासाठीच तिचा जन्म. ती पट्टी म्हणजे मी. गोल झाला की टाळ्या खेळाडूला मिळतात, कौतुक बुटांचे होते आणि आमच्या वाट्याला येतात लाथा आणि घाम. मी तक्रार करत नाही, पण आधीच सांगून ठेवलेले बरे.

जालंधरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. वरून कडक निळे प्लॅस्टिक, आतून मऊ स्पंज. मी डाव्या पायाचा आणि माझा जुळा भाऊ उजव्या पायाचा. आम्हा दोघांना एका पिशवीत घालून बुलढाणा जिल्ह्यातल्या नांदुऱ्याच्या एका दुकानात खिळ्याला टांगले. गिऱ्हाईक यायचे, बॅट बघायचे, कॅरमच्या सोंगट्या न्यायचे. आमच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हते.

एके दिवशी वडनेर भोलजीचे वामनराव दुकानात शिरले. ते वांगी-भेंडी पिकवणारे शेतकरी, बाजारात भाजी देऊन परत निघाले होते. त्यांचा मुलगा इंद्रभान शाळेच्या संघातून फुटबॉल खेळायचा आणि रोज नडगी सुजवून घरी यायचा. वामनरावांनी मला हातात घेतले, उलटेपालटे केले.

"हे त कवेलू होय बाप्पा!" ते दुकानदाराला म्हणाले. "याले पायाले बांधतेत, का घरावर टाकतेत?"

छपरावरच्या मातीच्या कवेलूसारखा माझा बाक आहे, हे मात्र खरे. तेव्हापासून त्या घरात मला शिनगार्ड कोणी म्हटले नाही. "माये कवेलू कुठी हायेत?" असे विचारत इंद्रभान घर डोक्यावर घ्यायचा, आणि त्याची आई रुखमाबाई ओट्यावरून सांगायची, "तुनंच काढून फेकले असतीन, मले काऊन विचारतं?" घरचे माणूस असल्यासारखे वाटायचे मला.

इंद्रभान डावखुरा. म्हणजे चेंडू मारायचा माझ्या पायाने आणि मारही माझ्याच पायाला जास्त बसायचा. मैदानावर त्याची जागा मागे, डाव्या बाजूला. समोरून धावत येणाऱ्याला अडवायचे हे त्याचे काम. गावात खेळताना त्याचे तोंड पायापेक्षा जास्त चालायचे. कोण कुठून येतो आहे, कोण मोकळा आहे, सगळे तो मागून ओरडून सांगायचा आणि पोरे न बघता त्याचे ऐकायची. मोज्याच्या आत बसून मला तेवढेच तर कळायचे, बाकीचे सामना संपल्यावर पोरांच्या गप्पांतून. त्याच्या आवाजावरून मी ओळखायचो, आता लाथ येणार, अंग घट्ट करा!

त्याचा खेळ पाहून पुण्याच्या एका क्लबने त्याला बोलावले. पगार देऊन खेळायला! वामनराव त्याला बसमध्ये बसवायला आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, पण बोलताना ते भेंडीच्या फवारणीबद्दलच बोलत राहिले.

आणि पुण्यातच तो घोटाळा झाला. पहिल्याच मोठ्या सामन्यात आमच्या गोलकीपरच्या पायात चेंडू होता आणि त्याच्या पाठीमागून समोरच्या संघाचा एक जण सुसाट निघाला होता. इंद्रभान जीव तोडून ओरडला, "मांगून येऊन राह्यला! येऊन राह्यला!"

मित्रांनो, आमच्याकडे 'येऊन राह्यला' म्हणजे 'येतो आहे'. लहान पोरालाही समजते. पण तो गोलकीपर सदाशिव पेठेतला. त्याच्या कानाला ते 'येऊन राहिला', म्हणजे 'आला आणि थांबला' असे ऐकू आले. त्याने निवांतपणे चेंडू पुढे ढकलायला पाय उचलला, आणि तेवढ्यात मागच्याने चेंडू हिसकावून गोल केला.

"अरे, तूच म्हणालास ना थांबलाय म्हणून!" तो इंद्रभानवर चिडला. नंतर सगळ्यांना उलगडा झाला तेव्हा हसून हसून पुरेवाट. त्या दिवसापासून सगळे इंद्रभानला 'राह्यला' म्हणू लागले. तो जेवायला आला तरी "राह्यला येऊन राहिला!" इंद्रभानही त्यांच्यात हसायचा, पण पुढच्या सामन्यापासून मैदानावर त्याने तोंड उघडले नाही. मोठ्या संघांत देतात त्या इंग्रजी हाका त्याने पाठ केल्या होत्या. ऐन वेळी मात्र त्या जिभेवर यायच्याच नाहीत. त्यापेक्षा गप्प बसलेले बरे, असे त्याने ठरवून टाकले.

पुढे पुण्यातून मुंबई, मुंबईतून गोवा, एक हंगाम कोलकाता. सगळीकडे तो मन लावून खेळला. पायाने चोख आणि तोंडाने मुका. प्रशिक्षक म्हणायचे, "इंद्रभान, मागे उभा राहतोस, सगळं तुला दिसतं, जरा बोलत जा." तो मान डोलवायचा. मला मात्र फार चुकल्यासारखे वाटायचे. न सांगता येणारी लाथ दुप्पट लागते, हे तुम्हाला माझ्याशिवाय कोण सांगणार! गोव्याच्या एका सामन्यात अशीच एक लाथ बसली आणि मला मधोमध तडा गेला. इंद्रभानचे हाड वाचले. त्याने मला धुतले, वाळवले, वरून चिकटपट्टी गुंडाळली आणि हळूच म्हणाला, "वाचवलं गड्या तुनं." उभ्या आयुष्यात माझे एवढे कौतुक कोणी केले नव्हते. माझा जुळा भाऊ तेवढा कोलकात्याच्या गाडीत हरवला. त्याच्या जागी आलेला पिवळा, अंगाने नाजूक. त्याच्याशी माझे कधी जमले नाही.

मग इंद्रभानचा गुडघा कुरकुर करू लागला. वय पस्तिशीपलीकडे गेले. क्लबने पुढच्या हंगामाला बोलावले नाही. तो वडनेरला परतला, वडिलांच्या वांग्यांत आणि भेंडीत रमला, आणि मी पडलो कोठीत, कांद्याच्या बियाण्याच्या पिशवीखाली. पाल अंगावरून जायची. चिकटपट्टी सुकून सुटू लागली. एकटा पडलो होतो, पण एके दिवशी इंद्रभानच्या लेकीने, अपेक्षाने, मला हुडकून काढले. तिने माझ्यात कापूस पसरला आणि तिची बाहुली निजवली. लाथा खाणाऱ्याच्या कुशीत बाहुली! हसू नका, मित्रांनो. तो काळही वाईट नव्हता.

अपेक्षाला बापाचा खेळ माहीतच नव्हता. तो खेळायचा तेव्हा ती कडेवर होती. शाळेत तिने सांगितले, "माये बाबा फुटबॉलवाले होते," तर एक पोरगी म्हणाली, "तुये बाबा त भेंडीवाले हायेत." अपेक्षाने घरी येऊन हे सांगितले तेव्हा इंद्रभान जेवत होता. त्याने भाकरी अर्धीच खाल्ली.

त्याच सुमारास राज्यात नवी फुटबॉल स्पर्धा सुरू होणार असल्याची बातमी आली. प्रत्येक जिल्ह्याचा संघ, खेळाडूंना हंगामभर मानधन, सामने आपल्याच बुलढाण्याच्या मैदानावर. संघ जवळजवळ भरला होता. फक्त डाव्या बाजूच्या बचावाची एक जागा उरली होती.

"एक डाव खेळतो," इंद्रभान बायकोला म्हणाला. "पोरीनं एक डाव पाह्यलं पाह्यजे मले खेळताना."

प्रेरणाने त्याच्या गुडघ्याकडे पाहिले. "गुडघ्याले इचारलं का?"

"इचारलं. नाई म्हनते."

"मंग जा," ती म्हणाली, आणि बाहुलीला उचलून तिने मला त्याच्या हातात दिले.

बुलढाण्याच्या शिबिरात त्याच एका जागेसाठी दुसरा खेळाडू होता, सोनाळ्याचा प्रज्वल. नुकताच मिसरूड फुटलेला, वाऱ्यासारखा पळणारा आणि स्वभावाने इतका गोड की त्याच्यावर रागावताही येईना. पण तो इंद्रभानला 'काका' म्हणायचा. "लागलं का काका?" "पानी देऊ का काका?" दर वेळी काका ऐकले की इंद्रभानची नडगी आखडायची. मला लगेच कळायचे.

संघाचे प्रशिक्षक शेखर सर पुण्याचे. माणूस शांत आणि न्यायाचा. धावण्याच्या चाचणीत इंद्रभान सर्वांत मागे राहिला. दुसऱ्या दिवशीही मागेच. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि प्रेमाने म्हणाले, "अजून शेवटचा सराव सामना आहे. बघू." त्या 'बघू'चा अर्थ मैदानावरच्या गवतालाही कळला असेल.

शेवटचा सराव सामना सुरू झाला. आपल्याच पोरांचे दोन संघ. पूर्वार्धात प्रज्वल खेळला. सरांनी सर्वांना सांगून ठेवले होते, मैदानावर हाका इंग्रजीतच द्यायच्या, सगळीकडे तीच पद्धत आहे. पोरे बिचारी आठवायला जायची आणि तेवढ्यात चेंडू निघून जायचा. हळूहळू सगळेच गप्प झाले. प्रज्वल उड्या मारून चेंडू अडवत होता, पण त्याच्या पाठीमागून कोण निसटला हे त्याला सांगणार कोण? त्या बाजूने दोन गोल झाले.

उत्तरार्धात इंद्रभान उतरला. तोही सवयीप्रमाणे मूग गिळून गप्प. थोडा वेळ गेला. मग आमचा गोलकीपर, उंद्रीचा ज्ञानेश्वर, चेंडू पायात घेऊन उभा राहिला. त्याची पाठ वळलेली होती. मागून एक जण त्याच्यावर चालून आला. इंद्रभानने तोंड उघडले आणि मिटले. इंग्रजी शब्द सापडेना. आणि मग पुण्यापासून आवळून धरलेले सगळे एकदम सुटले.

"ज्ञान्या, मांगून येऊन राह्यला बे!"

ज्ञानेश्वरने मान वळवलीसुद्धा नाही. चेंडू सरळ मैदानाबाहेर भिरकावला. गोल वाचला. मग पोरांत हशा पिकला. मला वाटले, झाले, आता हा पुन्हा गप्प बसणार.

पण हशातूनच ज्ञानेश्वर ओरडला, "बोलत राय भाऊ, समजून राह्यलं!"

मग काय विचारता, मित्रांनो! "तो मोकया सुटला, धर त्याले!" "तू काऊन पुढं जाऊन राह्यला, मांगं ये!" "सोड, सोड, तो मायाकडे येऊन राह्यला!" कोकलून कोकलून त्याने मैदान दणाणून सोडले. पोरे त्याच्या शब्दासरशी सरकत होती आणि उलट उत्तरेही देत होती. त्याला फारसे पळावेच लागले नाही. समोरचा कुठे येणार हे आधीच सांगून ठेवलेले असायचे. उत्तरार्धात आमच्यावर एकही गोल झाला नाही. इतक्या दिवसांनी मला लाथ यायच्या आधी तिची बातमी मिळत होती. माझा तडा गेलेला जीव सुखावला.

शिटी वाजली. शेखर सर आले. इंद्रभान ओशाळून म्हणाला, "सर, तोंडातून निंगून गेलं. इंग्रजी आठवलं नाई."

"ते काय म्हणत होता तुम्ही? येऊन राहिला?"

"राह्यला, सर. म्हंजे येतो आहे."

सरांनी दोनदा म्हणून पाहिले. जमले नाही. पोरे तोंड दाबून हसली, सरही हसले. मग म्हणाले, "हाका इंग्रजीत द्या हे माझंच चुकलं. इंद्रभान, डावीकडची जागा तुमची. मला मागे बोलणारा माणूस हवा होता." आणि प्रज्वलकडे वळून म्हणाले, "तू सरावाला रोज यायचं. पुढच्या हंगामात ही जागा यांच्याकडून हिसकावून घ्यायची आहे तुला."

प्रज्वलचा चेहरा पडला होता. त्याने नाक ओढले. "काका, मीही बोललो असतो न. मले वाटलं, असं बोललं त हसतीन."

"मलेही तेच वाटलं होतं बे," इंद्रभान म्हणाला आणि त्याला जवळ ओढले. "मायं अर्धं आयुष्य त्याच्यातच गेलं. तू नको घालवू."

आता तुम्हाला वाटेल, पहिल्या सामन्याला मी दिमाखात उतरलो. छे! सामन्यापूर्वी सरांनी सगळ्यांचे सामान तपासले आणि मला बघून मान हलवली. "ही फुटकी पट्टी पंच चालवून घेणार नाहीत." इंद्रभानने खूप विनवण्या केल्या, पण नियम तो नियम. त्याला जागा मिळाली आणि माझी गेली. नवी कोरी जोडी आली. मला फार वाईट वाटले, खोटे कशाला सांगू?

इंद्रभानने मला कुठे टाकून दिले नाही. पिशवीत घालून प्रेरणाकडे दिले, आणि सामन्याच्या दिवशी अपेक्षाने हट्ट करून मला स्वतःच्या पायावर बांधून घेतले. प्रज्वल शेजारीच बसला होता. त्यानेच नाडी आवळली. मी तिच्या गुडघ्याच्याही वर जात होतो. पण तिच्या पायात मोजा नव्हता, मित्रांनो. मी बाहेर होतो. आणि माझ्यासमोर मैदान होते.

मग मी इंद्रभानला पाहिले. डाव्या बाजूला, केस विरळ झालेला, एका गुडघ्यावर किंचित झुकून पळणारा. खरे सांगतो, मला वाटला होता त्यापेक्षा तो बराच हळू पळतो. पण हात हलवत, ओरडत, पोरांना इकडून तिकडे सरकवत तो असा खेळत होता की माझी नजर हलेना. इतकी वर्षे मी याच माणसाच्या पायाला बांधलेला होतो!

मागच्या ओळीतल्या एका बाईने विचारले, "तो एवढा ओरडून राह्यला, कोन होय तो?"

अपेक्षा उभी राहिली. "ते माये बाबा हायेत," ती म्हणाली. मग बाईला ऐकू गेले नसेल असे वाटून पुन्हा, मोठ्याने म्हणाली.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंना सामना संपल्यावर धुऊन वाळवत जा, एवढे मागणे तर मी मागणारच. पण आणखी एक मागतो. तुमच्या घरातला मोठा माणूस रोज कुठेतरी जाऊन काहीतरी करतो. एकदा त्याच्या कामाच्या जागी जाऊन उभे राहा आणि डोळे भरून पाहा. तो अजून खेळतो आहे तोवरच जा.