बायकांची गोळी

बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये उस्तादांचा शब्द शेवटचा असे. समोरच्याला चढ्या आवाजात झापायचं आणि लगेच चहा पाजायचा, हा त्यांचा खाक्या. पण स्वतःच्या दुखण्याबद्दल मात्र त्यांनी कित्येक महिने ब्र काढला नव्हता.

बायकोला संशय आला तो बनियनमुळे. ज्या माणसाने जन्मात कधी स्वतःचा रुमाल धुतला नाही, तो रोज दार लावून बनियन धुवायला लागला. वर झोपायचाही पाठ करून. काही दिवस ती मनातल्या मनात कुढली. मग एका सकाळी न्हाणीघराच्या दाराशीच जाऊन उभी राहिली.

"कोण आहे ती?"

"कोण ती?" उस्ताद बाहेर येत म्हणाले.

"मी काही दूधखुळी नाही. ते बनियन द्या इकडे."

त्यांनी मूठ आवळली. तिने एकेक बोट सोडवलं. तिला लिपस्टिकचा डाग दिसेल असं वाटलं होतं. डाग होता रक्ताचा, डाव्या छातीच्या जागी.

उस्तादांनी निमूटपणे शर्टाची बटणं काढली. स्तनाग्र आत ओढलं गेलं होतं. तिने हात लावला तर मागे बोल्टच्या नटासारखी टणक गाठ.

"बॉनेट आपटलं होतं," ते म्हणाले.

"केव्हा?"

ते बटणं पुन्हा लावू लागले.

"अगं, पुरुषाला कुठं असलं काही होतं?"

"ते डॉक्टर ठरवतील. चपला घाला."

तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर सगळ्या बायकाच होत्या. नर्स बायकोला आत घेऊन जायला लागली.

"मी नाही, पेशंट हे आहेत," ती म्हणाली, तशा साऱ्या नजरा उस्तादांकडे वळल्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. आत स्तनांचा एक्स-रे काढायच्या यंत्राच्या दोन पट्ट्यांत धरायला त्यांच्या छातीवर पुरेसं मांसही नव्हतं. तंत्रज्ञ बाईंनी ते चिमटीत धरून कसंबसं बसवलं. मग सुईने गाठीचा तुकडा काढला.

कॅन्सरच निघाला. "अजून एक तपासणी यायची आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तिच्यावर पुढचं ठरेल."

ते मधले दिवस घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. फोन वाजला की बायको पदराला हात पुसत धावायची आणि उस्ताद उगीच खिडकीबाहेर बघायचे. एकदा रॉंग नंबर लागला, तर त्या बिचाऱ्याला त्यांनी अशा शिव्या हासडल्या की स्वतःच खाली बसले.

शेवटी बोलावणं आलं.

"तुमच्या गाठीच्या जवळजवळ सगळ्या पेशींवर इस्ट्रोजेनचे रिसेप्टर, म्हणजे ते हार्मोन येऊन बसायच्या जागा, आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"ते तर बायकांचं असतं ना?"

"पुरुषांतही बनतं, थोडं. तुमची हाडं त्याच्यावरच टिकून आहेत. पण ते गाठीतल्या पेशींच्या रिसेप्टरवर जाऊन बसलं की पेशींना वाढायचा हुकूम मिळतो."

"म्हणजे वाईट?" बायकोने विचारलं.

"उलट, आपल्या हाती काहीतरी लागलं. ऑपरेशननंतर रोज एक गोळी घ्यायची. ती रिसेप्टर आधीच अडवून बसते. इस्ट्रोजेन येतं, जागा मिळत नाही, हुकूम सुटत नाही."

ऑपरेशन पार पडलं. काखेपर्यंत काही पसरलं नव्हतं. गोळी सुरू झाली आणि उस्तादांना भर कामात अंगाची लाही होऊन दरदरून घाम फुटायला लागला. बायकोची पाळी नुकतीच थांबलेली. तिचीही तीच गत. दोघं एका पंख्याखाली बसत.

"माझं इस्ट्रोजेन आटलं म्हणून मला, आणि तुमचं असून उपयोग नाही म्हणून तुम्हाला," ती म्हणायची. "लग्नात छत्तीस गुण जुळले नव्हते, ते आत्ता जुळले."

रक्ताच्या एका तपासणीत कळलं की या कॅन्सरमागे जनुकातला दोष आहे आणि तो घराण्यातून आलेला आहे. भावंडांनीही तपासून घ्यायला हवं होतं. थोरल्या भावाने तर उस्तादांचं दुखणं कळताच 'बायकांचा रोग' म्हणून हसून घेतलं होतं. उस्ताद त्याच्या घरी गेले.

"दादा, एकदा दाखवून ये."

"मला काही झालेलं नाही. चहा पी आणि जा."

"बाबा शर्टाच्या आत फडकं ठेवायचे. आठवतंय?"

दादाच्या हातातला कप थांबला. बाबा गेले तेव्हा सगळ्यांनी छातीचं दुखणं म्हटलं होतं आणि पुढे कुणी काही विचारलं नव्हतं.

"घाम टिपायला ठेवायचे ते," दादा म्हणाला.

"डाव्याच बाजूला?"

दादा उठला. वहिनी आत होत्या. त्याने मधलं दार लोटून घेतलं. उस्तादांचा जीव टांगणीला लागला. दादाने शर्ट वर केला. उस्तादांची काळी, खरखरीत बोटं त्याच्या छातीवरून फिरत गेली आणि उजवीकडे थबकली. हाताला काहीतरी लागत होतं. अगदी बारीक.

"आहे?" दादाने विचारलं.

"आहे."

दुसऱ्या दिवशी बाकावरच्या बायकांमध्ये दोघं भाऊ खांद्याला खांदा लावून बसले. नर्सने यादी बघत पेशंट कोण म्हणून विचारलं. दादा मान खाली घालून उठला, आणि उस्ताद न विचारताच त्याच्यामागून आत गेले.

गाठ कॅन्सरचीच होती, पण अगदी सुरुवातीची. आता दादाही तीच गोळी घेतो आणि घाम फुटला की फोन करून उस्तादांना शिव्या घालतो.