खटला संपेपर्यंत

सासूने जावयाला कोर्टात खेचलं की लोक समजतात, दोघांचं वाकडं असणार. शिंपीणबाईंचं उलटंच होतं. जावई आणि त्याच्यामागून लेक डोळ्यांआड होऊ नयेत, एवढ्यासाठी त्यांनी हा उपद्व्याप केला आणि दोन देशांची सरकारं कामाला लावली.

बाईंचं दुकान परदेशी फौजेच्या तळाच्या फाटकासमोर. ही फौज आपलं नेमकं कुणापासून रक्षण करायला आलीय, हे गल्लीत कुणालाच धड सांगता येत नव्हतं. पण तिच्या पँटी उसवायच्या, बिल्ले बदलायचे आणि ते काम बाईंकडे यायचं, त्यामुळे बाईंची काही तक्रार नव्हती. त्यातला एक ताडमाड शिपाई आधी बटण लावून घ्यायला आला, मग धडधाकट बटणं तोडून आणायला लागला आणि वर्षाच्या आत बाईंचा जावई झाला. गल्लीत त्याला खांब म्हणत. खांब इथली भाषा बाईंकडूनच शिकला, त्यामुळे तो साधं पाणी मागायचा तेही दटावल्यासारखं.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि खांबाच्या बदलीचा हुकूम आला. महिनाअखेर मायदेशी, बायकोसकट. मायदेश समुद्रापलीकडे. लेक सामान बांधायला लागली आणि बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. नवरा जाऊन वर्षं झाली होती, दुसरं मूल नव्हतं. लेक गेली की घरात आवाज करायला शिलाई मशीनच उरणार. त्यांनी रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला, छातीत कळ आणून पाहिली. लेक बधली नाही.

अशात एका दुपारी खांब फौजेचा ट्रक घेऊन वर्द्या न्यायला दुकानाशी आला. पलटणीच्या वर्द्यांवर नवे बिल्ले लावून झाले होते, तो गठ्ठा बाईंनी बांधून काचेच्या कपाटावर ठेवला होता. खांबाने ट्रक मागे घेतला, तो जरा जास्तच मागे आला. कपाट फुटलं, कपडे अडकवायचा पुतळा आडवा झाला आणि कपाटाची फळी बाईंच्या पायाच्या अंगठ्यावर पडली. खांबाने सासूला उचलून खुर्चीत बसवलं आणि तो स्वतःच रडायला लागला.

हवालदार पंचनाम्याला आले. कामचुकार माणूस, त्यामुळे हात वर करायची सोय त्यांनी आधीच करून ठेवली. बाई, म्हणे, दोन देशांचा करार आहे. हा कामावर असताना घडलं असेल तर त्याचा निकाल त्यांचं लष्करी कोर्ट लावणार, आपल्या हातात काही नाही. स्वतःच्या कामाने आला असेल तर मात्र खटला आपल्याकडे चालायचा.

“आणि खटला संपेपर्यंत त्याला देश सोडता येणार नाही,” हवालदार म्हणाले. “तेव्हा नीट आठवून सांगा.”

बाईंनी नीट आठवलं. आठवता आठवता, धड असलेल्या पायाने, त्यांनी खाली पडलेला गठ्ठा कापायच्या टेबलाखाली सरकवला आणि वरून अस्तराचं कापड सोडलं.

“जेवायला आला होता,” त्या म्हणाल्या.

खांब शेजारीच उभा होता. त्याने टेबलाखाली पाहिलं, सासूकडे पाहिलं आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

मग जे काय झालं ते विचारू नका. तळाच्या मोठ्या साहेबाने प्रमाणपत्र दिलं, की शिपाई कामावरच होता, वर्द्या आणायला गेला होता. बाईंनी शपथेवर लिहून दिलं, की वर्द्यांचं काम अजून झालेलंच नाही, मग न्यायला कसा येईल? निवडणूक तोंडावर होती, सरकारला हा अंगठा देवासारखा भेटला. वर्तमानपत्रांनी बाईंना रणरागिणी केलं. फाटकासमोर मोर्चे आले. त्यात शेजारचा बॅटरीवाला सर्वांत पुढे, आणि त्याचं निम्मं गिऱ्हाईक तळावरचं होतं. मंत्री येऊन प्लास्टरच्या शेजारी उभे राहिले, फोटो निघाले. अंगठा तोवर बराही झाला होता, पण मंत्री यायचे म्हणून प्लास्टर ठेवावं लागलं.

बाई मात्र मजेत होत्या. बदली थांबली. लेकीने बांधलेलं सामान सोडलं. खांब सकाळी ठाण्यात हजेरी द्यायचा आणि नंतर सासूच्या दुकानाला नवं कपाट ठोकत बसायचा. दुपारी तिघं एकत्र जेवायची. आरोपीला बाई आग्रह करकरून वाढत. असाच खटला दहा वर्षं चालो, अशी त्यांची मनापासून इच्छा होती.

साक्षीच्या आदल्या दिवशी सरकारी वकील खुशीत आले. प्रकरण पक्कं आहे, म्हणाले, दोन वर्षं तरी आत घालतो याला, बाकीच्यांना जरब बसली पाहिजे.

बाईंच्या हातातली कात्री तशीच राहिली. त्यांना जावयाला अडकवायचं होतं, आत टाकायचं नव्हतं. त्या म्हणाल्या, जाऊ द्या, घरचीच भानगड आहे, मी तक्रार मागे घेते. वकील हसले. तक्रार तुमची होती, म्हणाले, खटला सरकारचा आहे.

वकील गेले तेव्हा लेक दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“गठ्ठ्याचं मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे,” ती म्हणाली. “मी त्याला म्हटलं, सांगून टाक, सुटशील. तो म्हणाला, तुझ्या आईला चारचौघांत खोटी ठरवू?”

बाईंनी हातातली कात्री खाली ठेवली.

“आणि मला जायचं होतं, आई. तू मला एकदाही विचारलं नाहीस.”

ही लाज बाईंना आयुष्यात पहिल्यांदा वाटली, आणि ती अंगठ्यापेक्षा फार जास्त दुखली.

दुसऱ्या दिवशी त्या गठ्ठा पाठीवर घेऊन कोर्टात आल्या. पट्टेवाल्याने अडवलं, तर त्यालाही बाजूला सारलं. साक्षीच्या पिंजऱ्यात त्यांनी गाठ सोडली. एकेका वर्दीवर नवा बिल्ला शिवलेला, आणि घड्यांत कपाटाच्या काचांचे तुकडे. गठ्ठा बांधून तयार होता आणि त्या वेळी कपाटावरच होता, हे न्यायाधीशांना चष्मा न लावताही दिसलं. सरकारी वकिलांनी कपाळाला हात लावला. मागे बसलेला मोठा साहेब आपल्याच वर्द्या बघून उगाचच सावधान उभा राहिला.

न्यायाधीशांनी विचारलं, हे आधी का लपवलंत?

“लेक जाईल म्हणून,” बाई म्हणाल्या.

खांबाचा खटला त्याच्या फौजेकडे गेला. तिथे त्याला ताकीद मिळाली, महिन्याचा पगार कापला गेला आणि आठवड्याभरात दोघं विमानात बसली. निघताना खांब वाकून सासूच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, “आई, सांभाळून चाला.” तेही दटावल्यासारखंच.

राहिल्या बाई. त्यांच्यावर शपथेवर खोटं लिहून दिल्याचा खटला उभा राहिला. तो कुणी चालवायचा, यावर मात्र कुठल्याच देशाने वाद घातला नाही. मंत्री फिरकले नाहीत. बॅटरीवाल्याने ओळख दाखवायचं सोडलं. कोर्ट नव्या नव्या तारखा देत गेलं, न्यायाधीश बदलले, वकील आजारी पडले.

पुढच्या वर्षी लेकीचा फोन आला. दिवस भरत आले होते. खांबाने सासूचं तिकीट काढून पाठवलं होतं. बाईंनी नवी बॅग घेतली, तान्ह्यासाठी झबली शिवली आणि तिकीट घेऊन परवानगीसाठी ठाण्यात गेल्या. हवालदारांनी तिकीट उलटसुलट पाहिलं. माणूस कामचुकार होता, पण वाईट नव्हता.

“बाई,” ते म्हणाले, “खटला संपेपर्यंत...”

“माहीत आहे,” बाई म्हणाल्या. “तुम्हीच सांगितलं होतं.”

त्यांनी तिकीट घडी करून झबल्यांच्या पिशवीत ठेवलं आणि पुढची तारीख विचारली.